देवणीचं रेत गोठवून जपायचं असेल तर सुरुवात इथून करा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पशुप्रदर्शनाच्या मांडवाजवळ उभं राहिलं की दरवर्षी तेच चित्र दिसतं. पहिल्या नंबरच्या देवणी जातीच्या वळूभोवती गर्दी असते, फोटो निघत असतात, मालकाला फेटा बांधलेला असतो आणि चार जण विचारत असतात, "याची कांडी मिळेल का?" कांडी म्हणजे गोठवलेलं रेत भरलेली बारीक नळी. तो प्रश्न ऐकून मला बरंही वाटतं आणि धास्तीही वाटते. बरं वाटतं, कारण आपल्या जातीच्या वळूचं रेत मागणारे लोक वाढलेत. धास्ती वाटते, कारण सगळ्यांना त्या एकाचंच हवं असतं. मांडवाच्या मागं लिंबाला बांधलेला, बक्षीस न मिळालेला गोऱ्हा पुढच्या बाजाराला विकला जातो आणि त्याच्यासोबत एखाद्या गावचा जुना वंशही संपतो.

जात जपायची म्हणून नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय: पशुपालकांचे गट, पशुवैद्यकीय पदविका करणारी मुलं, घरची चार जनावरं असलेले तरुण. उदाहरण देवणीचं घेतो, कारण लातूर, उदगीर, देवणी हा माझ्या पायाखालचा मुलूख आहे. लाल कंधारी, डांगी, खिल्लार, गवळाऊ यांच्यासाठीही रीत हीच.

आधी वळू, कंटेनर नंतर

नवखा माणूस सगळ्यात आधी कांड्या साठवायचा नायट्रोजनचा कंटेनर कितीला मिळतो ते विचारतो. ते सगळ्यात शेवटचं काम आहे. पहिलं काम म्हणजे वही घेऊन गावोगाव हिंडणं.

कशासाठी हिंडायचं, ते आकड्यात सांगतो. कळपातली विविधता किती डोक्यांच्या बळावर उभी आहे हे काढायचं एक साधं सूत्र आहे: नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारनं गुणा आणि नर-माद्यांच्या बेरजेनं भागा. दोनशे गाई आणि एक वळू असेल तर उत्तर चारच्याही किंचित खाली येतं. म्हणजे गोठ्यात दोनशे एक जनावरं दिसतात, पण वारशाच्या हिशोबानं तो चार जनावरांचा कळप असतो. पुढच्या पिढीत सगळी सावत्र भावंडं, त्याच्या पुढच्या पिढीत भावाबहिणींचा संकर, मग गाई उलटायला लागतात म्हणजे भरूनही गाभण राहत नाहीत, वासरं अशक्त निपजतात. त्याच दोनशे गाईंना दहा वळू दिले तर उत्तर ३८ येतं, पंचवीस दिले तर ८८ च्या पुढं जातं. जात सुरक्षित राहण्यासाठी हा आकडा निदान ५० असावा असं जगभर मानलं जातं. दोनशे गाईंमागं त्याला चौदा वळू लागतात, तेही एकमेकांच्या नात्यातले नकोत.

रेत साठवायचं तर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेत पंचवीस किंवा त्याहून जास्त नर घ्यावेत असा सल्ला आहे. मी गटांना सांगतो, पंचवीसचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि एका अव्वल वळूच्या पाच हजार कांड्यांवर समाधान मानू नका. साध्या पण एकमेकांशी नातं नसलेल्या पंचवीस वळूंच्या दोन-दोनशे कांड्या त्यापेक्षा कितीतरी मोलाच्या.

हे पटत नसेल तर होल्स्टीनकडं बघा. अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरले जाणारे जवळजवळ सगळे होल्स्टीन वळू बापाच्या बाजूनं मागं मोजत गेलं तर एकोणिसाव्या शतकातल्या दोनच वळूंपाशी पोचतात. बाकीच्या नर शाखा वापराबाहेर गेल्या. १९६२ साली जन्मलेला चीफ नावाचा वळू दुधासाठी इतका गाजला की त्याचं रक्त जगभर पसरलं, आणि त्याच्या रक्तात दडलेला एक दोषही सोबत पसरला. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरतो. अनेक वर्षं गाई गाभडत राहिल्या आणि कारण कुणाला कळलं नव्हतं. हरवलेल्या नर शाखा परत मिळाल्या त्या कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या सरकारी जनुक पेढीमुळं. तिथं १९५०च्या दशकातल्या वळूंच्या जुन्या कांड्या नायट्रोजनमध्ये पडून होत्या. पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी त्या वापरून पुन्हा वासरं जन्माला घातली. त्या काळात कुणीतरी फारशा नावाजलेल्या नसलेल्या वळूंच्याही कांड्या टाकून न देता ठेवल्या म्हणून हे जमलं.

आता देवणीकडं येऊ. देवणीत तीन रूपं आहेत: बालंक्या म्हणजे अंगभर पांढरा, वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाला काळा रंग, शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे. प्रदर्शनात ज्या रूपाची चलती असते त्याचेच गोऱ्हे राखले जातात. तुमच्या पंचवीसांत तिन्ही रूपं आली पाहिजेत. एका गावातून दोनपेक्षा जास्त वळू घेऊ नका. लातूर जिल्ह्यापुरतं थांबू नका. नांदेडकडं आणि हद्दीपलीकडं बिदरकडंही देवणी आहे.

वळूची निवड करताना त्याच्याइतकंच त्याच्या आईकडं बघा. उदगीरकडच्या एका गावात मी गोऱ्हा बघायला गेलो होतो. घरचे मामा सत्तरीचे. मी गोऱ्ह्याच्या पायाचं, वशिंडाचं माप घेत होतो. ते मला थांबवून म्हणाले, "बाळ, त्याला काय बघतूस, आधी त्याच्या मायला बघ." आत जाऊन त्यांनी गाय सोडून आणली. नववं वेत, आचळं चारी सारखी, कास पोटाला चिकटलेली, चालीला कुठं लंगडणं नाही. तिच्या आईचं नाव, ती कुठल्या पाहुण्यांकडून आली होती, तिला कुणाचा वळू दाखवला होता, सगळं मामांच्या तोंडपाठ. मी ते चार पानं लिहून घेतलं. ती चार पानं पुढं कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतकी कामाची ठरली.

प्रत्येक वळूसाठी एवढं लिहाच: कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, जन्माचा महिना, आई-बाप, दोन्हीकडची आजी माहीत असेल तर तीही, गाव, मालक, रूप, दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो. शेपटीचे वीस-पंचवीस केस मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. पुढं कधी डीएनए तपासून नातं पडताळायचं झालं तर तेवढे केस पुरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमटपणानं खराब होतात.

मालकाशी बोलणं

वळू मालकाचा, तेव्हा रेतही त्याचं, इथून बोलणं सुरू करा. किती कांड्या निघतील, त्यातल्या किती त्याला मिळतील, बाकीच्या कुणाच्या ताब्यात राहतील, त्या विकल्या जाणार की फक्त जतनासाठी आहेत, वळूला केंद्रावर काही झालं तर काय, हे सगळं मराठीत एका कागदावर लिहा, वाचून दाखवा आणि दोघांनी सह्या करा. तोंडी बोलण्यावर विसंबून राहिलेले गट मी तुटताना पाहिलेत, तेही बहुतेक वेळा वळू नावारूपाला आल्यावर.

केंद्र आणि तपासण्या

रेत गोठवणं हे गोठ्यात करायचं काम नाही. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या गोठीत रेत प्रयोगशाळा आहेत. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या बाएफ या संस्थेचं केंद्र आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं उदगीर आणि परभणीला आहेत, तिथल्या प्रजननशास्त्र विभागातली मंडळी वाट दाखवतात. आधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा, गटाच्या नावानं अर्ज करा आणि सोबत वही न्या. नीट भरलेली वही पाहिली की समोरचा अधिकारी तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

केंद्रात घेण्याआधी वळूला साठ दिवस वेगळं ठेवतात. क्षयरोग, जोन्स रोग, ब्रुसेलोसिस, आयबीआर (नाक-श्वासनलिकेचा विषाणुरोग), कॅम्पिलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास यांच्या तपासण्या होतात, गुणसूत्रंही तपासतात. मालकांना ही कटकट वाटते. त्यांना समजावून सांगा की गोठवल्यावर रेताबरोबर रोगजंतूही जगतात. ब्रुसेलोसिस असलेला एक वळू तपासणीतून सुटला तर त्याच्या कांड्या वीस वर्षांनीसुद्धा गाई गाभडवू शकतात. २०२२ साली लम्पीनं आपल्याकडं जो घात केला तो सगळ्यांना आठवत असेल. त्या रोगाचा विषाणू रेतातही सापडतो, तेव्हा लम्पीतून उठलेल्या वळूची घाई करू नका.

महिना कुठला

मराठवाड्यात रेत काढायचा हंगाम कार्तिक ते माघ. त्याचं कारण नीट समजून घ्या. वळूच्या अंडकोषात शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, पुढं पक्व होऊन बाहेर यायला आणखी आठ-दहा दिवस. वैशाखातल्या ४२ अंशांच्या उन्हानं जे बिघडतं ते आषाढात काढलेल्या रेतात दिसतं. बाहेर पाऊस पडत असतो, हवा गार असते आणि लोक विचारतात, आता का खराब? ते रेत उन्हाळ्यातच तयार होत होतं. ताप येऊन गेलेल्या वळूलाही हाच हिशोब लावा आणि निदान सव्वादोन महिने थांबा.

कांडी कशी तयार होते

हे काम तुम्हाला करायचं नसलं तरी एकदा तरी केंद्रावर उभं राहून बघा. आपण काय जपतोय हे त्याशिवाय कळत नाही.

सकाळी लवकर वळू धुऊन आणतात. समोर दुसरा बैल किंवा लाकडी सांगाडा असतो. वळूला दोन-तीनदा नुसतं उडू देतात, रेत घेत नाहीत. त्यानं प्रत सुधारते. मग कृत्रिम योनी धरतात. रबरी नळ्याच्या आवरणात गरम पाणी असतं आणि आतलं तापमान ४२ ते ४५ अंश. थोडं जरी थंड असलं तरी देवणी वळू मान फिरवून बाजूला होतो. काम दोन-तीन सेकंदांचं. काचेच्या नळीत चार-पाच मिलिलिटर दाट, दुधाच्या सायीच्या रंगाचं रेत जमतं आणि नळी लगेच कोमट पाण्यात जाते.

ताज्या रेताचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळा काढवेना. आषाढातले ढग एकमेकांत घुसळावेत तशा काळ्या-करड्या लाटा उठत होत्या, फिरत होत्या, विरत होत्या. एकेक शुक्राणू वेगळा दिसत नाही, दिसते ती सगळ्यांची मिळून हालचाल. त्या लाटा जितक्या जोरकस, तितकं रेत चांगलं.

एका मिलिलिटरमध्ये साधारण शंभर कोटी शुक्राणू धरले तर चार मिलिलिटरमध्ये चारशे कोटी. एका कांडीत दोन कोटी घालतात. म्हणजे एका वेळच्या रेतातून दोनशे कांड्या होतात. नैसर्गिक संयोगात एवढं सगळं एका गाईला जातं.

रेत पातळ करण्यासाठी जे द्रावण वापरतात त्यात ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन), फळसाखर, प्रतिजैविकं, अंड्याचा पिवळा बलक आणि सहा-सात टक्के ग्लिसरॉल असतं. बलक कशाला? थंडीत वाटीतलं तूप थिजतं तसं शुक्राणूच्या आवरणातलं स्निग्ध द्रव्य थिजतं, आणि एकदम गार केलं तर आवरणाला तडे जातात. बलक त्या आवरणाला सांभाळतो. ग्लिसरॉल पाण्याशी सांगड घालतं, त्यामुळं पेशीत बर्फाच्या सुया कमी होतात. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कळला, तोही कोंबड्याच्या रेतावर काम करताना. त्याआधी रेत दोन-चार दिवस टिकलं तरी खूप होतं.

मिश्रण हळूहळू चार-पाच अंशांपर्यंत गार करतात आणि तिथं चार तास ठेवतात. पाव मिलिलिटरच्या कांड्या यंत्रावर भरतात, सील करतात, छापतात. मग नायट्रोजनच्या वाफेत काही मिनिटांत उणे १४० अंशांपर्यंत नेतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. तिथं पेशीतली सगळी रासायनिक हालचाल थांबते. दुसऱ्या दिवशी त्याच लॉटमधली, म्हणजे एका वेळी गोठवलेल्या कांड्यांतली, एक कांडी वितळवून बघतात. निदान निम्मे शुक्राणू सरळ पुढं पोहत असतील तरच लॉट ठेवायचा, असा आपल्या देशातला दंडक आहे.

माझं मत इथं थोडं वेगळं आहे. रोजच्या रेतनासाठी हा दंडक योग्यच. पण तुमचा वळू त्याच्या वंशातला शेवटचा असेल आणि लॉट ३५ टक्क्यांवर आला, तर तो फेकू देऊ नका. केंद्राला लेखी विनंती करा, वेगळी खूण घालून जतनासाठी ठेवायला सांगा. प्रयोगशाळेत फलन करण्याची सोय आता देशात आहे आणि तिथं थोडे शुक्राणूही पुरतात.

दर वळूमागं किती

हा प्रश्न हमखास येतो. मी असा हिशोब मांडतो. समजा देवणी गाईच उरल्या नाहीत, फक्त कांड्या उरल्या. दुसऱ्या जातीच्या गाईला देवणी कांडी भरली की पहिल्या पिढीत अर्धं रक्त देवणी, मग पाऊण, मग साडेसत्त्याऐंशी टक्के, मग पावणेचौऱ्याण्णव, आणि पाचव्या पिढीत जवळजवळ सत्त्याण्णव. दर पिढीला शंभर माद्या तयार व्हाव्यात असं धरा. शंभर कांड्यांमागं चाळीस गाभण, त्यातल्या निम्म्या कालवडी आणि त्यांतल्या ऐंशी टक्के मोठ्या होऊन माजावर येणाऱ्या, असं धरलं तर शंभर कांड्यांतून सोळा कालवडी. शंभर कालवडींना सव्वासहाशे कांड्या. पाच पिढ्यांना ३,१२५. पंचवीस वळूंत वाटल्या तर दर वळूमागं सव्वाशे. नासधूस, चुका आणि मधल्या काळातला वापर धरून मी दुप्पट करतो आणि अडीचशेचं लक्ष्य ठेवतो. म्हणजे दर वळूमागं दोन, फार तर तीन वेळचं रेत. वळूला वर्षभर केंद्रावर अडकवायची गरज नाही, हे मालकाला आवर्जून सांगा.

हे करताना वळूंचे पाच-पाचचे पाच गट पाडून ठेवा आणि दर पिढीला वेगळा गट वापरा, म्हणजे बापाची कांडी मुलीला जाणार नाही.

कांडीतून काय परत येत नाही तेही माहीत असू द्या. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो. पाच पिढ्यांनी तयार झालेली ती देवणी आईच्या बाजूनं दुसऱ्याच जातीची राहील. म्हणून गोठ्यात गाई राखणं आणि कांड्या साठवणं ही दोन्ही कामं बरोबरीनं चालली पाहिजेत.

कंटेनर आणि नायट्रोजन

इथं मी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

द्रव नायट्रोजनचा कंटेनर म्हणजे मोठा थर्मास. दोन भिंती, मधे निर्वात पोकळी, अरुंद मान. आपल्याकडं इंडियन ऑइलचे क्रायोकॅन सर्रास दिसतात, ते नाशिकला बनतात. गावात न्यायला तीन लिटरचा, साठवणीला पन्नास-पंचावन्न लिटरचा. आत कॅनिस्टर म्हणजे लांब दांड्याचा डबा, कॅनिस्टरमध्ये गॉब्लेट म्हणजे छोटा पेला, गॉब्लेटमध्ये कांड्या. झाकण सैल असतं आणि ते सैलच राहिलं पाहिजे. वाफ कोंडली तर कंटेनर फुटतो.

आमच्या गटाचा पहिला कंटेनर एका कार्यकर्त्याच्या घरी मागच्या खोलीत होता. चार वळूंच्या कांड्या होत्या. मे महिना, लग्नसराई. नायट्रोजन पुरवणारी गाडी ठरल्या दिवशी आली नाही, आठवडाभर नुसतं 'उद्या' चाललं. घरातल्या पोरानं कंटेनर हलवून पाहिला आणि सांगितलं, जड लागतोय. गाडी आली तेव्हा मी झाकण काढलं. एरवी मानेतून पांढरी वाफ उतू जाते. त्या दिवशी काहीच आलं नाही. आत बॅटरी मारली, तळ कोरडा. कांड्या काढून हातात घेतल्या, तर अक्षरं तशीच, रंग तोच, एकही फुटलेली नाही. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी डोळ्यांना सारखीच दिसते. त्या चारातल्या एका शेवऱ्या वळूचा मालक आधीच वळू विकून मोकळा झाला होता, आणि त्याचं रेत दुसरीकडं कुठंही ठेवलेलं नव्हतं. त्या मालकाला तोंड दाखवायला मला पंधरा दिवस लागले.

तेव्हापासूनचे आमचे नियम सांगतो.

पातळी दर सोमवारी मोजायची. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी तळापर्यंत दहा सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत दहिवर धरेल तिथपर्यंत नायट्रोजन आहे. पोकळ नळी कधीही बुडवू नका, वरून फवारा उडतो. पंधरा सेंटिमीटर राहिलं की भरायला सांगायचं, संपायची वाट बघायची नाही. सोबत वजनकाटा ठेवा. एक लिटर द्रव नायट्रोजन सुमारे आठशे ग्रॅम भरतो, त्यामुळं भरलेल्या कंटेनरचं वजन लिहिलेलं असलं की किती उडाला ते आकड्यात कळतं, 'जड लागतोय' म्हणायची वेळ येत नाही. एरवीपेक्षा जास्त वेगानं उडत असेल किंवा बाहेरून मानेजवळ घाम-बर्फ दिसत असेल तर पोकळीतलं निर्वात गेलंय. त्याच दिवशी कांड्या दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवा.

कांडी काढताना कॅनिस्टर मानेच्या वर आणायचा नाही. मानेच्या आतच, काठापासून चार बोटं खाली धरायचा, चिमट्यानं कांडी उचलायची, आठ-दहा सेकंदांत कॅनिस्टर परत खाली. सापडली नाही तर कॅनिस्टर बुडवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा बघा. पातळ कांडी बाहेरच्या हवेत काही सेकंदांत तापते. परत बुडवली तर पुन्हा गोठते, पण त्या उलथापालथीत शुक्राणू मरतात. वर लटकवून कांड्या मोजत बसणारे लोक मी पाहिलेत. ते दर वेळी थोडे थोडे शुक्राणू मारत असतात.

जिवाची काळजीही तितकीच घ्या. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. बंद खोलीत भरणी करू नका आणि काचा लावलेल्या गाडीतून कंटेनर नेऊ नका. डोळ्यांवर चष्मा, सैल कोरडे हातमोजे, बंद पादत्राणं हवीत. ओला मोजा कातडीला चिकटतो. अंगावर सांडलं तर कोमट पाणी ओता, चोळू नका, दवाखान्यात जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका वळूच्या सगळ्या कांड्या एका कंटेनरमध्ये ठेवू नका. निम्म्या तुमच्या गटाच्या किंवा केंद्राच्या ताब्यात, निम्म्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या जबाबदारीत. त्यातला काही वाटा कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुक पेढीत जावा यासाठी केंद्रामार्फत पत्रव्यवहार करा. हा ब्युरो १९८४ पासून देशातल्या जातींची नोंद आणि जतन करतोय.

वळू अचानक गेला तर

साप चावला, पोट फुगलं, अपघात झाला, तरी काही तास हातात असतात. पशुवैद्यकाला लगेच बोलवा. अंडकोष काढून, स्वच्छ पिशवीत घालून, चार-पाच अंशांवर, बर्फाला थेट न टेकवता प्रयोगशाळेत पोचवले तर शुक्राणू जिथं साठतात त्या नळीतून जिवंत शुक्राणू मिळू शकतात. एका दिवसाच्या आत हे झालं पाहिजे. म्हणून प्रयोगशाळेचा फोन नंबर आणि थर्माकोलचा डबा आधीपासून घरात हवा. संसर्गजन्य रोगानं मेला असेल तर मात्र हे करू नका. फाशीची म्हणजे अँथ्रॅक्सची नुसती शंका असली तरी जनावर चिरायचं नाही.

म्हैस, शेळी, मेंढी

थोडक्यात सांगतो. पंढरपुरी, मराठवाडी म्हशींसाठी रीत हीच, पण म्हशीचं रेत गाईच्या मानानं गोठणं कमी सोसतं, म्हणून कांड्या जास्त धरा. उस्मानाबादी बोकडाच्या रेतात एक विकर असतं, ते अंड्याच्या बलकाशी बिनसतं. त्यासाठी रेत धुऊन घेतात किंवा बलक अगदी कमी वापरतात. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड वळणावळणाचं असल्यानं गोठीत रेतासाठी पोटातून दुर्बिणीनं रेतन करावं लागतं. आणि कोंबडीत ग्लिसरॉल रेतन करण्याआधी काढून टाकावं लागतं, नाहीतर अंडी फळत नाहीत.

वापर आणि वही

जतनाच्या कांड्या रोजच्या रेतनाला द्यायच्या नाहीत, शेजारी कितीही जवळचा असला तरी. ज्या कांड्या वापरायच्या त्यांचा वेगळा गॉब्लेट ठेवा. वापरताना ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरा. थर्मामीटर वापरा, बोट बुडवून अंदाज नको. कांडी कोरडी पुसा, थेंबभर पाणी आत गेलं तरी शुक्राणू फुगून मरतात. दहा-पंधरा मिनिटांत रेतन व्हायला हवं. देवणी गाईचा माज बऱ्याचदा मुका म्हणजे सहज न कळणारा असतो, तेव्हा लक्ष ठेवा; सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरा.

प्रत्येक रेतनाची ओळ वहीत गेली पाहिजे: गाईचा बिल्ला, तिचा बाप, वळूचा क्रमांक, कांडीवरची तारीख, कोणी भरलं, गाभण की उलटली, काय झालं. गाईच्या बापाचा रकाना रिकामा असेल तर कांडी काढायची नाही. आमच्याकडं यावरून भांडणं झाली, तरी नियम सोडला नाही.

वर्षातून एकदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही वळूंच्या मालकांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर नोंद वाचतो. ज्याचा वळू आता हयात नाही त्याचंही नाव घेतो. प्रत्येक पाचव्या वर्षी दर लॉटची एक कांडी केंद्रावर नेऊन वितळवून बघतो आणि हालचालीची टक्केवारी जुन्या आकड्याशेजारी लिहितो. मग त्या पानावर शिल्लक कांड्या, नायट्रोजनची पातळी, कंटेनरचं वजन, दोन वेगळ्या घरांतल्या माणसांच्या सह्या आणि पुढच्या भरणीची तारीख.